पेरणी यंत्राची निगा आणि एकसारखी उगवण

कोरडवाहू शेतकऱ्याच्या वर्षभराच्या हिशोबात पेरणीचे तीन-चार दिवस सर्वात मोलाचे असतात. या दिवसांत झालेली चूक पुढे खताने भरून निघत नाही की फवारणीने. आम्ही पेशाने बँकेतील कारकून. यंत्रशास्त्र हा काही आमचा विषय नव्हे. परंतु पीककर्जाच्या टेबलावर बसताना आणि सुटीत गावाकडे बांधावर उभे राहताना 'दुबार पेरणी' हे दोन शब्द वारंवार कानी पडतात. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याची दुसरी पिशवी, ट्रॅक्टरचे दुसरे भाडे आणि हातचे गेलेले आठ-दहा दिवस. पाऊस दडी मारतो किंवा बियाणे सदोष निघते, हे खरेच आहे. पण कित्येकदा दोष पेरणी यंत्रात असतो आणि तो तासाभराच्या तपासणीत दूर होण्यासारखा असतो. म्हणून मराठवाडा-विदर्भातील सोयाबीनच्या पेरणीपुरता हा विषय येथे मांडीत आहोत.

पूर्वी तिफणीवर पेरणी होत असे. चाड्यावर मूठ धरणारी व्यक्ती अनुभवी असली की दाणे सारखे पडत. आज त्या मुठीचे काम यंत्रातील तबकडी करते. मुठीला डोळे होते, तबकडीला ते नाहीत. यंत्राची निगा आवश्यक ठरते ती यासाठीच.

सोयाबीन नेमके किती खोल पडावे? ३ ते ५ सेंटिमीटर, म्हणजे आडवी दोन ते तीन बोटे. ज्वारी-मक्याचा कोंब सुईसारखा वर येतो व दाणा खालीच राहतो. सोयाबीनचे तसे नाही. त्याचा अंकुर मान वाकवून दोन्ही डाळी डोक्यावर घेऊन माती फोडतो. दाणा फार खोल गेला आणि वर काळ्या जमिनीने पपडी धरली, तर ती मान मोडते. दाणा वरवर पडला तर एका उन्हात माती सुकते आणि फुगलेला दाणा वाया जातो किंवा पाखरे टिपतात. एकाच शेतात काही दाणे खोल व काही वर पडले, तर रोपे मागेपुढे उगवतात. मागून आलेली रोपे पुढच्यांच्या सावलीत खुरटतात.

आता तपासणीकडे वळू. पेरणीपूर्वी, मे महिन्यातच यंत्र सपाट फरशीवर किंवा सारवलेल्या टणक अंगणात ठेवावे. सर्व फणांची टोके जमिनीला एकाच वेळी टेकली पाहिजेत. झिजलेला फाळ आखूड होतो व त्याची ओळ उथळ पडते. वाकलेला फण दोन ओळींतील अंतर बिघडवितो. झिजलेले फाळ बदलावेत, नट-बोल्ट आवळावेत. खोली राखणारी दोन्ही बाजूंची चाके एकाच छिद्रावर बसवावीत. ट्रॅक्टरला जोडल्यावर सांगाडा पुढे-मागे व डावी-उजवीकडे समतल आहे का, ते पाहून टॉप लिंक जुळवावी. ट्रॅक्टरच्या मागील दोन्ही टायरमधील हवा सारखी नसेल, तर एक बाजू खोल जाते.

नंतर बियाण्याची वाट पाहावी. गेल्या हंगामातील खताचे खडे पेटीत चिकटलेले असतात, नळ्यांत कोळ्याची जाळी असते, नळी चिरलेली किंवा दुमडलेली असते. साखळी सैल असेल, तर तबकडी गचके खात फिरते आणि ओळीत रिकाम्या जागा राहतात. तबकडीच्या खाचा दाण्याच्या आकाराच्या हव्यात. सोयाबीनचे साल पातळ असते. अरुंद खाचेत दाणा फुटतो आणि फुटका दाणा उगवत नाही.

बियाणे किती पडते, हे घरीच मोजता येते. पाच फणी यंत्रात ओळींचे अंतर ४५ सेंटिमीटर असेल, तर एका फेरीत सव्वादोन मीटर रुंदी पेरली जाते. असे यंत्र ४५ मीटर चालले की एक गुंठा होतो. एकरी ३० किलो बियाणे धरले, तर गुंठ्याला ७५० ग्रॅम पडावयास हवे. यंत्र विटांवर उचलून, साखळी फिरविणाऱ्या चाकाचा घेर दोरीने मोजावा. घेर सव्वा मीटर असेल तर ३६ फेरे म्हणजे एक गुंठा. प्रत्येक नळीखाली पिशवी बांधून ३६ फेरे द्यावेत. प्रत्येक पिशवीत सुमारे १५० ग्रॅम दाणे हवेत. एखादीत कमी भरले, तर दोष त्याच नळीत किंवा तबकडीत आहे. शेतात चाक थोडे घसरते, म्हणून तेथेही अंदाज घ्यावा.

प्रत्यक्ष पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर व वाफसा आल्यावरच करावी. ट्रॅक्टरचा वेग ताशी ४ ते ५ किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीएवढाच ठेवावा. यंत्र जमिनीत असताना ट्रॅक्टर मागे घेऊ नये, नळीच्या तोंडात माती भरते. पहिली वीस-तीस पावले पेरून झाली की थांबावे आणि प्रत्येक ओळीत दोन-तीन ठिकाणी माती हळूच बाजूला करून दाण्याची खोली मोजावी. जमीन हलकी-भारी बदलली की पुन्हा पाहावे.

आपल्यापैकी बहुतेकांचे यंत्र स्वतःचे नसते, ते एकरी भाड्याने येते. चालकाला पुढच्या शेताची घाई असते. परंतु भाडे आपण देतो, बियाणे आपले आणि कर्जही आपल्याच नावावर. तेव्हा दहा मिनिटे थांबवून खोली तपासण्यात संकोच मानण्याचे कारण नाही. शक्यतो आदल्या दिवशीच यंत्र पाहून घ्यावे.

पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण पाहावी. किमान ७० दाणे उगवले पाहिजेत. पावती, पिशवी, टॅग व थोडे बियाणे जपून ठेवावे. उगवण फसली तर तालुका कृषी कार्यालयाकडे तक्रार करताना हाच आधार असतो. यंत्र तपासलेले असले म्हणजे आपली बाजूही भक्कम राहते.

आठवडाभराने शेतातून एक फेरी मारावी. पूर्ण ओळ रिकामी दिसली तर नळी तुंबलेली होती, मध्ये मध्ये खाडे दिसले तर साखळी सैल होती, एकच बाजू विरळ असेल तर सांगाडा कलला होता असे समजावे. हे वहीत टिपून ठेवावे व नांग्या वेळेवर भराव्यात. हंगाम संपल्यावर खताची पेटी धुवून, वाळवून, साखळीला तेल लावून यंत्र छपराखाली ठेवावे.

या साऱ्यास लागतो तो थोडा वेळ, एक दोरी, एक तराजू आणि पाच पिशव्या. एवढ्यावर दुबार पेरणीचे एक कारण तरी आपल्या हाती राहते. येत्या मृगापूर्वी वाचकांनी ही तपासणी करून पाहावी व शेजाऱ्यालाही सांगावी, एवढीच विनंती.