वाचन शिकवणाऱ्यांचं प्रशिक्षण: काही गैरसमज

पहिलीचा वर्ग कोणालाही दिला तरी चालतो, असं अजून अनेक शाळांत मानलं जातं. ज्याला वाचता येतं त्याला वाचन शिकवताही येतं, हा त्यामागचा समज. त्यातून मराठी तर बोलतो तशीच लिहितो, मग शिकवायला अवघड काय?

वस्तुस्थिती अशी: ‘किती’ या शब्दात पहिली वेलांटी लिहायची ‘क’च्या आधी आणि उच्चारायची नंतर. ‘चार’ आणि ‘चाक’ यांत अक्षर एकच, उच्चार दोन. ‘र’ तर सूर्य, चक्र, राष्ट्र, दऱ्या या शब्दांत चार वेगवेगळी रूपं घेतो. वाचन अंगवळणी पडलेल्या मोठ्या माणसाला हे जाणवतसुद्धा नाही. मूल नेमकं यातल्या कुठल्या जागी अडलंय, हे ओळखायला शिक्षकाला शिकावंच लागतं.

बाराखडी पाठ झाली की वाचन आलं, हा दुसरा समज. पाठांतर झालेल्या मुलापुढे एकटा ‘मु’ ठेवून पाहा. बऱ्याचदा ते म, मा, मि, मी करतच तिथवर पोचतं. त्यापेक्षा म, क, न, ल आणि काना एवढं आलं की मका, काम, नाक, माल हे शब्द लगेच वाचता-लिहिता येतात. ‘लिटरसी रिसर्च इन इंडियन लँग्वेजेस’ या प्रकल्पात पालघर भागातल्या आणि कर्नाटकातल्या यादगीरच्या मुलांच्या वाचनाचा पहिली ते तिसरी असा मागोवा घेतला गेला. तिसरीतही अनेकांना साधा उतारा जड जात होता. अक्षरओळख, गप्पा, गोष्टी आणि लेखन पहिल्यापासून सोबत चालावं, असं त्या अभ्यासाचं सांगणं आहे. हे एकाच तासिकेत बसवणं कसबाचं काम आहे.

आणि सगळ्यांत महागात पडणारा समज म्हणजे, चार दिवसांचं शिबिर झालं की शिक्षक प्रशिक्षित झाले. राज्यातून जिल्ह्याला, तिथून तालुक्याला, मग केंद्राला अशा उतरंडीने आशय झिरपत जातो. शिबिरात सगळं पटतं, पण सोमवारी वर्गात उभं राहिल्यावर जुनीच पद्धत हाताशी येते. हा शिक्षकांचा आळस नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात 2015 पासून याची नेटकी चाचणी झाली. सेत्स्वाना ही मातृभाषा शिकवणाऱ्या शिक्षकांना सारखेच पाठ-आराखडे आणि सारखीच वाचनपुस्तकं मिळाली. काही शाळांच्या शिक्षकांना वर्षातून दोनदा, दोन-दोन दिवसांचं शिबिर मिळालं. बाकीच्यांच्या वर्गात साधारण दर महिन्याला वाचनतज्ज्ञ मार्गदर्शक येऊन सोबत बसत. दोन वर्षांनी दुसऱ्या गटातल्या मुलांच्या वाचनातली सुधारणा पहिल्याच्या जवळपास दुप्पट भरली. त्या शिक्षकांनी मुलांचे छोटे गट करून प्रत्येकाला वाचायची संधी देणं जास्त प्रमाणात सुरू केलं होतं. हे शिबिरात ऐकून येत नाही; पहिल्यांदा वर्ग विस्कटतो तेव्हा शेजारी कोणीतरी लागतं.

मग हे काम टॅबवरून भागेल का? त्याच देशात म्पुमलांगा प्रांतात, इंग्रजीच्या बाबतीत, तेही पाहिलं गेलं. तीन वर्षांनंतर प्रत्यक्ष वर्गात येणाऱ्या मार्गदर्शकांचा परिणाम सरस ठरला. टॅबवरच्या मार्गदर्शनाने वाचनात फरक दिसला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 दरवर्षी 50 तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवतं. ते तास निव्वळ व्हिडिओ आणि प्रमाणपत्रांनी भरले, तर मुलांच्या वाचनात फरक पडेल असं मला वाटत नाही.

आपल्याकडे केंद्रप्रमुख आहेत, साधनव्यक्ती आहेत, शिक्षण परिषदा आहेत. माणसं नव्याने शोधायची नाहीत, त्यांच्या डोक्यावरचा माहिती गोळा करण्याचा भार उतरवायचा आहे. केंद्रप्रमुखांना विनंती एवढीच: पुढच्या शाळाभेटीत दप्तर तपासण्याआधी पहिलीच्या वर्गात एक पूर्ण तासिका बसा, दोन मुलांचं वाचन ऐका आणि पुढच्या आठवड्यात काय करून पाहायचं ते बाईंशी, गुरुजींशी बोलून ठरवा.