एकच फोन, अख्खा वर्ग: बेरजेचे छोटे गेम कसे निवडायचे?

तुमच्यापैकी कुणी डीएड करतंय, कुणी गावातल्या शाळेत मुलांना शिकवायला जातंय. पहिली-दुसरीला बेरजेचा कुठला गेम द्यावा, असं मला नेहमी विचारलं जातं. प्ले स्टोअरवर ढीग आहे, पण बरेचसे गेम दोन ठिकाणी मार खातात: जाहिराती आणि घड्याळ.

जाहिरातींवर उपाय सोपा आहे. जीकॉम्प्री हे ॲप घ्या. मोफत, जाहिराती नाहीत, आवाजाच्या फाइल आधी उतरवून ठेवल्या की नेटशिवाय चालतं. (फ्रेंचमध्ये ‘मला समजलं’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडलंय.)

घड्याळाचं मात्र नीट बघा. याच ॲपमध्ये एक खेळ आहे: फुग्यातले पेंग्विन खाली उतरायच्या आत बेरीज सांगायची. ज्यांना येतं ती मुलं ओरडून ओरडून खेळतात. पण जो पोरगा अजून बोटांवर मोजतोय, तो दोनदा चुकला की काहीही आकडा दाबायला लागतो. गेम चालू, बेरीज बंद! त्याला आधी कार्डांचा खेळ द्या. एका कार्डावर 3 + 4, दुसऱ्यावर 7, अशी जोडी शोधायची. घाई अजिबात नाही.

तीस मुलांत फोन एकच असेल तर तो मुलांच्या हातात देऊच नका. गूगलवर ‘रोल डाइस’ शोधा, दोन फासे टाका आणि स्क्रीन सगळ्यांना दाखवा. मुलांनी जोडीजोडीने बोटं वर करायची. उत्तर 12 च्या पुढे जात नाही, त्यामुळे दोघांची बोटं पुरतात. मग विचारा, “कसं काढलंस?” 6 आणि 5 आले तर कुणीतरी म्हणेल, पाच न् पाच दहा, वर एक. हे सगळ्यांना ऐकू द्या, कारण ‘अकरा’ या शब्दात मुलांना दहा ऐकूच येत नाही. 2019 ला दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? ती अडचणही याच जातीची.

पाच मिनिटं झाली की थांबा, मुलं “अजून एकदा” म्हणत असतानाच.

आणि हो, फोन मुलांकडे द्यायचाच असेल तर अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप पिनिंग’ शोधून चालू करा. पिन काढताना पासवर्ड मागायचा पर्यायही चालू ठेवा, नाहीतर दोन मिनिटांत तुमची गॅलरी उघडलेली असेल.