लिहिण्याची मुभा

निन्टेन्डोचा 'गेम बॉय' १९८९चा. त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर, लिहिताना मला सर्वांत गुंतवले ते नकार देण्याच्या कामाने.

प्रोसेसरला ६५,५३६ पत्ते दिसतात. पहिले ३२,७६८ कार्ट्रिजमधल्या रॉमचे, फक्त वाचण्याचे. तरी खेळ तिथे लिहितात! रॉम बदलत नाही. कार्ट्रिजमधली नियंत्रक चिप ते लिखाण हुकूम समजते. बऱ्याच कार्ट्रिजांत ० ते ८१९१ यांपैकी कुठल्याही पत्त्यावर १० लिहिले की बॅटरीवर जपलेली रॅम उघडते, ० लिहिले की बंद होते. बंद असताना लिहिलेले वाया जाते.

ही कडी कशासाठी? बटण बंद करताना वीज ओसरते, प्रोसेसर भरकटून भलतेच लिहू शकतो. मुलाने महिनाभर खेळून साठवलेली मजल क्षणात पुसली जाईल.

एम्युलेटरमध्ये वीज ओसरत नाही, मग कडी गाळावी का? मला ते पटत नाही. मूळ यंत्रावर वाया जाणारे, खेळातल्याच एखाद्या चुकीमुळे झालेले लिखाण इथे साठवलेला डाव बिघडवील. म्हणून माझ्याकडे प्रत्येक लिखाण एकाच फंक्शनमधून जाते. ते आधी पत्ता पाहते, मग कडी.