अर्धपुतळा

कचेऱ्यांच्या आणि विद्यालयांच्या आवारांत थोर पुरुषांची जी शिल्पे मस्तकापासून छातीपर्यंतच घडविलेली दिसतात, त्यांस अर्धपुतळा म्हणतात. वस्तुतः निम्मा देहही त्यांत क्वचितच असतो. संपूर्ण देह असेल तर तो पूर्णाकृती. पुण्यातील १९२८ सालचा शिवछत्रपतींचा भव्य अश्वारूढ पुतळा घडविणारे सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर यांची कीर्ती त्या कृतीने दिगंत झाली खरी, परंतु माझ्या मते अर्धपुतळ्याची कसोटी अधिक कठीण आहे. कारण घोडा, तलवार, हातांचा आविर्भाव यांपैकी कशाचाही आधार नसताना पापणीच्या जाडीत आणि ओठांच्या मिटणीत अवघा स्वभाव उतरवावा लागतो. म्हणून असे पुतळे उभारणाऱ्या ग्रामपंचायतींनी चौथऱ्यावर देणगीदारांबरोबर शिल्पकाराचेही नाव अवश्य कोरावे.