फिरत्या घरातला गारवा

कोल्हापूरचे नाव काढले की परगावच्या माणसाला आधी तांबडा-पांढरा रस्सा आठवतो, मग चप्पल, मग गूळ, आणि गृहस्थ शौकीन असला तर खासबागेचा आखाडा. आमच्या मिस्त्री लोकांची आठवण सहसा कोणी काढीत नाही. वास्तविक या गावाला यंत्राचे वेड जुने आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथेच तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. छत्रपतींची मेबॅक मोटार आजही दसऱ्याच्या मिरवणुकीत निघते, तेव्हा लोक गाडीत कोण बसले आहे ते पाहतात. आम्ही उद्यमनगरवाले मात्र इंजिनाचा आवाज ऐकतो. तो ठोका चुकवीत नाही ना, एवढीच आमची चिंता!

माझे दुकान याच उद्यमनगरात. विजेची कामे आणि थंड हवेची यंत्रे हा माझा धंदा. पूर्वी दवाखाने, पतपेढ्या आणि लग्नाचे हॉल एवढेच गिऱ्हाईक असे. अलीकडे चाकांवरची घरे येऊ लागली आहेत. मोरेवाडीच्या चित्रनगरीत चित्रीकरण असले की नटमंडळींच्या रंगभूषेच्या गाड्या येतात. शिवाय बसचा सांगाडा घेऊन त्यात पलंग, शेगडी, न्हाणीघर करून देशाटनाला निघणारी हौशी कुटुंबेही आहेत. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केल्यापासून या हौसेला जरा प्रतिष्ठाही आली आहे.

अशा गाडीत एसी बसवायचा म्हणजे काय करायचे, हे सांगण्यापूर्वी ‘टन’ या शब्दाची फोड करतो. ‘एक टनाचे यंत्र टपावर ठेवले तर टप खाली येईल हो!’ असे मला एका गृहस्थांनी खरोखरच ऐकवले होते. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे, बर्फाचा. अमेरिकेतला टन दोन हजार पौंडांचा, म्हणजे सुमारे ९०७ किलोंचा. एवढा बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेईल, तितकी उष्णता खोलीतून बाहेर फेकणारे यंत्र ते एक टनाचे. आणखी एक गंमत सांगतो. आधुनिक वातानुकूलन जन्माला आले ते माणसाच्या सुखासाठी नव्हे, कागदासाठी. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनमध्ये एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे, आकसे आणि रंगावर रंग नीट बसत नसे. विलिस कॅरियर नावाच्या तरुण इंजिनिअरने १९०२ साली त्यावर तोड काढली. म्हणजे दिवाळी अंकाच्या रंगीत मुखपृष्ठावर आणि एसीवर एकाच घराण्याचा हक्क पोचतो म्हणायचे!

या यंत्राबद्दल लोकांचा एक मोठा गैरसमज आहे. त्यांना वाटते, एसी बाहेरची ताजी हवा गार करून आत सोडतो. तसे नाही. घरगुती एसी बहुतेक करून आतलीच हवा ओढतो, तिच्यातली उष्णता बाहेर टाकतो आणि तीच हवा पुन्हा आत सोडतो. दारे-खिडक्या बंद असल्या की तुम्ही रात्रभर तीच ती हवा घेत असता. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर कागलकडचे एक बागाईतदार आपली गाडी घेऊन आले. बसचाच सांगाडा; आत पुढे बैठक, मध्ये स्वयंपाकाचा कट्टा, मागे पलंग. पलंगाखाली, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात, जनरेटर. एक-एक टनाचे दोन घरगुती स्प्लिट एसी परगावच्या कोणा कारागिराने बसवून दिलेले.

“मिस्त्री, दर दोन महिन्यानं गॅस भरून कट्टाळा आला बघा,” मालक म्हणाले. “दोन्ही मशिनी काढा आणि नवी बसवा. चार दिवसांत गाडी पायजे. आईला पंढरपूर करून पुढं काशीला न्यायचंय.”

गॅस का जातो, हे पाहायला फार विद्वत्ता लागत नाही. घरातला स्प्लिट एसी भिंतीवर बसतो, आणि भिंत काही खड्ड्यातून जात नाही. गाडीत मात्र आतला डबा आणि बाहेरचा डबा यांना जोडणारी तांब्याची नळी प्रत्येक धक्क्याला हलते. नट ढिला होतो किंवा नळीला केसाएवढी चीर जाते. म्हणून फिरत्या घराला टपावर बसणारे, सगळे एकाच पेटीत असलेले यंत्र बरे. त्याची गॅसची नळी कारखान्यातच जोडून बंद केलेली असते. परदेशी पद्धतीच्या अशा यंत्रांना टपाला साधारण चौदा इंची चौरस भोक लागते. या गाडीला हवेसाठी त्याच मापाची दोन झाकणे आधीच होती. मापे जुळली, काम सोपे झाले. प्रत्येक यंत्राचे चाळीस-पंचेचाळीस किलो वजन नुसत्या पत्र्यावर न टाकता टपाच्या कमानींवर घेतले, आणि चौकटीखालची रबरी गादी सगळीकडून सारखी दाबली जाईल असे बोल्ट आवळले. ते जास्त आवळले तरी गादी चेपते आणि मृगाचे पहिले पाणी थेट पलंगावर येते.

मालकांच्या दृष्टीने इथे काम संपले. माझ्या दृष्टीने ते आता सुरू होत होते. आतली प्लायवुडची फळी उघडली आणि कपाळाला हात लावला. दोन्ही यंत्रांना मिळून दीड चौरस मिलिमीटरची एकच तार, तीही घरात घालतात तसली एकेरी कडक तांब्याची. जोड पिळून वर काळी टेप! एक टनाचे साधे यंत्र चालताना पाच-सहा अँपियर घेते, पण कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या चार-पाच पट मागते. दोन्ही एकदम सुरू झाली तर त्या तारेने बिचारीने काय करावे? शिवाय कडक तार सतत हलली की आतल्या आत तुटते, तुटल्या जागी ठिणगी पडते, आणि भोवती असते लाकूड अन् फोम. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी जैसलमेरहून जोधपूरला निघालेली वातानुकूलित बस वाटेत पेटली आणि वीसहून अधिक माणसे गेली. पहिला संशय शॉर्टसर्किटवरच होता.

आम्ही ती सारी तार उपटून काढली. प्रत्येक यंत्राला अडीच चौरस मिलिमीटरची, बारीक तारांच्या जुडीची लवचिक केबल. टोकांना दाबून बसवलेले थिंबल. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. प्रत्येकाला स्वतंत्र, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा सोळा अँपियरचा एमसीबी. आणि दोन्ही यंत्रे एकदम उठू नयेत म्हणून दुसऱ्याला काही मिनिटांचा विलंब. वर तीस मिलिअँपियरचा आरसीसीबी. याचे कारण सांगतो. गाडी रबराच्या टायरवर उभी असते. पत्र्याला वीज लागली तर ती जमिनीत जायला वाटच नसते. एक पाय जमिनीवर ठेवून दाराचा दांडा धरणारा माणूस हीच तिची वाट. म्हणून बाहेरची वीज घेताना अर्थिंगची तार खरी आहे की नुसती शोभेची, हे पाहावेच लागते. जनरेटर चालू असताना त्याचा न्यूट्रल त्याच्याच सांगाड्याशी जोडलेला नसेल, तर हा आरसीसीबी नुसता झोपून राहतो. आणि बाहेरची वीज व जनरेटर यांची कधीही गाठ पडू नये म्हणून मध्ये चेंजओव्हर स्विच.

तिसऱ्या दिवशी मालकांच्या मातोश्री गाडी पाहायला आल्या. ऐंशीच्या घरातल्या, पण नजर तल्लख. मी सहज विचारले, “आजी, गारवा सोसतो का?”

“गार वाऱ्याचं काय न्हाई बाबा,” आजी म्हणाल्या. “पर गाडीत निजलं की सकाळी डोकं ठणकतंय. खाली उतरून झाडाबुडी घटकाभर बसलं की उतरतंय. पोरं म्हणत्यात, एशीनं हुतंय.”

“धर्मशाळेची वीज घेता तेव्हाही दुखतं?”

आजींनी जरा आठवले. “न्हाई. तवा न्हाई दुखत.”

एसी तोच, गारवा तोच, पलंगही तोच. फरक फक्त जनरेटरचा! मी आजींच्याच पिशवीतल्या दोन उदबत्त्या मागून घेतल्या. दारे-खिडक्या लावल्या, कट्ट्यावरचा धूर ओढणारा पंखा सुरू केला आणि पेटती उदबत्ती घेऊन जमिनीच्या कडेकडेने फिरलो. सगळीकडे धूर सरळ वर जात होता. पलंगाखाली मात्र, जुन्या एसीच्या नळ्या जिथून खाली उतरत होत्या तिथे, तो आडवा होऊन आत वळला. नळ्या आम्ही काढल्या होत्या. भोक तसेच होते, आणि पूर्वी त्यात नळ्यांभोवती नुसता काथ्या कोंबलेला होता. त्याच्या खाली हातभर अंतरावर जनरेटरचे धुराडे.

धुराड्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. पहिली खूण म्हणजे डोकेदुखी, नंतर गुंगी, आणि झोपलेल्या माणसाला नंतरचे काही कळतच नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसे मृत सापडली. एसीसाठी जनरेटर चालू ठेवून ती झोपली होती. कालिकतच्या एनआयटीच्या तज्ज्ञांनी प्रयोग करून पाहिला, तेव्हा जनरेटरचा वायू गाडीच्या तळातल्या भोकातून आत शिरल्याचे आढळले. ना स्फोट, ना आग.

मालकांना मी हे सांगितले, तेव्हा त्यांची घाई जागची हलली नाही. “अवो, बोळा मारा की! उद्या निघायचंय.” मी म्हणालो, “बोळ्यानंच तर आजवर घात केला. तीन दिवस आणखी लागतील, नाही तर गाडी दुसरीकडे न्या.” ते गप्प राहिले. आजी मात्र शांतपणे म्हणाल्या, “काशी कुटं पळून जात न्हाई. ऱ्हाऊ दे गाडी.”

तीन दिवसांत आम्ही तळातली सगळी निकामी भोके शोधली. एकूण पाच निघाली! प्रत्येकावर पोलादी पट्टी रिव्हेट करून सांधा भरला. केबल जिथून खरोखरच जायला हवी, तिथे घट्ट बसणारी ग्लँड लावली. जनरेटरचा कप्पा आतून पत्र्याने मढवून वेगळा केला, धुराडे गाडीच्या कडेबाहेर, खिडक्यांपासून दूर काढले. उशाशी कार्बन मोनॉक्साइडची घंटा बसवली. पुन्हा उदबत्ती फिरवली. या वेळी धूर कुठेही वळला नाही. तरीही मालकांना बजावले की, माणसे निजली असताना जनरेटर चालवायचा नाही. ही घंटा पहारेकरी आहे, परवाना नव्हे.

मग रात्री गारवा कसा मिळायचा? हिशेब सोपा आहे. एक यंत्र ताशी सुमारे एक युनिट वीज खाते. चोवीस व्होल्ट, दोनशे अँपियर-तासांच्या बॅटरीत फार तर पावणेपाच युनिटे मावतात. त्यातून निजायच्या खोलीतले एकच यंत्र, तेही अठ्ठावीसवर, पहाटेपर्यंत जेमतेम निभते. त्याहून अधिक हवे असेल तर मुक्काम असा निवडावा की जिथे बाहेरची वीज मिळेल.

ज्यांच्याकडे असे घर आहे किंवा ज्यांना ते करवून घ्यायचे आहे, त्यांना चार गोष्टी सांगतो. जुने यंत्र काढलेत की ते कोणकोणत्या भोकांतून जात होते ते मोजा, आणि ती सगळी बुजवून घ्या. कारागिराला यंत्राचा भाव विचारण्याआधी तारेचे माप विचारा. गाडीच्या मूळ बांधणीत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परिवहन खात्याची मंजुरी घ्या. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाने ‘डोकं दुखतंय’ म्हटले, तर त्याच्या वयावर बोट ठेवण्याआधी जनरेटरचे धुराडे कुठे आहे ते वाकून बघा. उदबत्तीचा पुडा दहा-वीस रुपयांना मिळतो.