ज्योतीस हवा, धुरास वाट
घरगुती तेल-बॉयलरच्या वायुवीजनाविषयी

इंग्लंड, वेल्स व आयर्लंड येथील ज्या खेड्यापाड्यांपर्यंत गॅसचे नळ पोचलेले नाहीत, तेथील पुष्कळ घरांत हिवाळ्यात ऊब पुरविण्याचे काम तेलावर चालणारा बॉयलर करतो. अंगणातील टाकीतून केरोसीन, म्हणजे आपले रॉकेल, बारीक नळीने आत येते. पंप ते मोठ्या दाबाने सूक्ष्म छिद्रातून फवारतो, पंखा त्या तुषारांत हवा मिसळतो आणि विजेच्या ठिणगीने ते पेटते. तापलेले पाणी नळांवाटे खोल्याखोल्यांतील रेडिएटरांत फिरते. टाकीत तेल किती उरले, याची चिंता घरमालक नेहमी वाहतो. परंतु तेलाहून कितीतरी अधिक वजनाची एक वस्तू हा बॉयलर अहोरात्र मागत असतो, तिच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती वस्तू म्हणजे हवा.

एका लिटरास हवा किती?

एक किलोग्रॅम केरोसीन पूर्णपणे जळण्यास सुमारे १५ किलोग्रॅम हवा लागते. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ८०० ग्रॅम असते. म्हणजे लिटरमागे जवळजवळ १२ किलोग्रॅम, अर्थात सुमारे १० घनमीटर हवा हवी. प्रत्यक्षात तेल व हवा यांचे मिश्रण सर्वत्र सारखे होत नसल्यामुळे याहून थोडी जास्तच हवा द्यावी लागते. मध्यम घरातील २५ किलोवॉट शक्तीचा बॉयलर पूर्ण वेगाने चालला, तर तासाला अडीच लिटरांहून थोडे अधिक तेल जाळतो. म्हणजे ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व अडीच मीटर उंच अशा खोलीत जेवढी हवा मावते, तेवढी सारी त्यास एका तासात लागते.

जितके आत जाते तितके बाहेर पडलेच पाहिजे. प्रत्येक लिटरामागे सुमारे अडीच किलोग्रॅम कार्बन डायॉक्साइड व सुमारे एक किलोग्रॅम पाण्याची वाफ निर्माण होते. या वायूंना सुरक्षितपणे घराबाहेर नेणे हे धुराड्याचे काम होय.

हवा कमी पडली तर

हवेचा पुरवठा अपुरा झाला की तेलातील कार्बन अर्धवट जळतो. काही कार्बन काजळीच्या रूपाने बॉयलरच्या आतील भागावर बसतो. काजळीमुळे वायूंची वाट अरुंद होते. वाट अरुंद झाली की हवा आणखी कमी येते, आणि हवा कमी आली की काजळी आणखी वाढते. असे हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

याहून भयंकर संकट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. या वायूस रंग नाही, वास नाही. रक्तातील हीमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूशी दोनशेहून अधिक पट घट्टपणे जोडले जाते, हे या विषाचे मर्म आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी या क्रियेचा उलगडा केला. पुढे १८९० नंतरच्या दशकात ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी स्वतःवर प्रयोग करून तिचे परिणाम मोजले. आरंभी डोके दुखते, भोवळ येते, मळमळते. घरातील सर्वांना एकाच वेळी असा त्रास होत असेल आणि घराबाहेर पडताच तो कमी होत असेल, तर बॉयलर तत्काळ बंद करून सर्वांनी मोकळ्या हवेत जावे व वैद्यकीय मदत घ्यावी. विलंब झाल्यास उठून दाराशी जाण्याचेही त्राण उरत नाही.

धुराड्याची ओढ

आपल्याकडील तांब्याच्या बंबात मधल्या नळीतून धूर वर जातो आणि खालच्या जाळीतून नवी हवा आत ओढली जाते. त्या ओढीचे कारण मोठ्या धुराड्यातही तेच आहे. शून्य अंश सेल्सियस तपमानाच्या एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.३ किलोग्रॅम असते. २०० अंशांवरील धूम्रवायूचे सुमारे पाऊण किलोग्रॅम. धुराडे ८ मीटर उंच असेल, तर आतील व बाहेरील वायुस्तंभांच्या वजनांतील फरकामुळे अवघ्या चार मिलिमीटर उंच पाण्याच्या भाराइतका दाब निर्माण होतो. धुराड्यात वायू निवत जात असल्यामुळे प्रत्यक्षात तोही कमी भरतो.

इतक्या नाजूक बळावर घराची सुरक्षितता अवलंबून असते. स्वयंपाकघरातील हवा बाहेर फेकणारा पंखा जोरदार असेल आणि दारेखिडक्या बंद असतील, तर तो या ओढीवर सहज मात करतो व धूर उलटा खोलीत येऊ लागतो. म्हणून बॉयलरची परीक्षा करताना घरातील सर्व पंखे चालू आणि सर्व दारेखिडक्या बंद ठेवून धूर वर जातो की नाही, हे पाहावे लागते.

भिंतीतील झरोका

खोलीतील हवा घेणाऱ्या बॉयलरसाठी इंग्लंडमधील बांधकामविषयक नियमांच्या मार्गदर्शिकेत पहिले ५ किलोवॉट सोडून पुढील प्रत्येक किलोवॉटास ५५० चौरस मिलिमीटर इतका कायम उघडा झरोका सांगितला आहे. २५ किलोवॉटच्या बॉयलरला हा हिशेब ११० चौरस सेंटिमीटर होतो, म्हणजे साधारण तळहाताएवढे भोक. बॉयलर कपाटासारख्या बंदिस्त जागेत असल्यास खाली एक व वर एक असे दोन झरोके लागतात; वरच्याने साचलेली उष्णता निघून जाते.

जुन्या घरांत दारांच्या फटींतूनही पुष्कळ हवा येत असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचविण्यासाठी फटी बुजविल्या गेल्या, खिडक्यांना दुहेरी काचा बसल्या. काटकसर योग्यच होती. परंतु तिच्यामुळे झरोक्याचे महत्त्व वाढले. आणि कडाक्याच्या थंडीत नेमका हाच झरोका चिंध्या कोंबून बंद करण्याचा मोह होतो. बॉयलर सर्वांत अधिक चालतो तेही त्याच दिवसांत!

नव्या रचनेचे बॉयलर

हा मोह निष्प्रभ करणारी रचना म्हणजे बंद ज्वलनकक्ष. येथे एका नळीत दुसरी नळी असते. आतलीतून धूर बाहेर जातो, बाहेरचीतून ताजी हवा आत येते. दोन्हींची तोंडे एकाच ठिकाणी असल्याने वाऱ्याचा दाब दोहोंवर सारखाच पडतो. इंग्लंड व वेल्समध्ये २००७ पासून नव्या तेल-बॉयलरांना धुरातील वाफेचे पाणी करून तिची उष्णता वापरणारी रचना, काही अपवाद सोडता, आवश्यक झाली. वाफ सुमारे ४७ अंशांखाली द्रवू लागते. ते पाणी किंचित आम्लधर्मी असल्याने त्यास गंज न चढणारा निचरा हवा. नळीचे तोंड खिडकीपासून दूर असावे, आणि वेलींनी वा बर्फाने झाकले जाऊ नये.

वर्षातून एकदा जाणत्या कारागिराकडून ज्वलनाची तपासणी व काजळीची सफाई करून घ्यावी. कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्रही घरात असावे. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरांत, जेथे असे बॉयलर आहेत त्या खोलीत, ते बसविणे घरमालकावर बंधनकारक आहे.

तेल-बॉयलर भारतीय घरांत क्वचितच आढळतो. परंतु बंद न्हाणीघरातील गॅसचा गीझर आणि उत्तर भारतातील हिवाळ्यात दार लावून पेटविलेली अंगीठी यांनाही हाच नियम लागू आहे. गीझरचा धूर बाहेर जाईल अशी नळी आणि कायम उघडा झरोका असल्यावाचून तो वापरू नये. आणि पेटती अंगीठी निजण्याच्या खोलीत कधीही ठेवू नये.