जांगल देशातून निघालेला शब्द

सिन्नरहून शिर्डीच्या रस्त्यास लागून पांगरी-वावीकडे निघाले, की सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला जो उघडाबोडका, बोरीबाभळींचा माळ दृष्टीस पडतो, त्यास आज कोणी जंगल म्हणणार नाही. आणि तरीही या शब्दावर कोणत्या भूमीचा मूळ हक्क असेल, तर तो अशाच माळाचा आहे.

चरकसंहितेत भूमीचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन भेद सांगितले आहेत. आनूप देश जलमय, नारळीकेळींच्या गर्द राईंचा. जांगल देश मात्र मोकळ्या आकाशाचा, रुक्ष वाऱ्याचा, खैर, बोर, शमी आणि तिंदुक या वृक्षांचा. इंग्रजांच्या ‘जंगल’ शब्दाचे मूळ या कोरड्या देशात आहे. बंगालच्या पंडितांनी संस्कृतात रचलेला धर्मशास्त्राचा संग्रह फारशीत उतरविण्यात आला, आणि त्या फारशीवरून नॅथॅनियल हॅलेड याने १७७६ साली जे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्यात पाच वर्षे पडीत राहिलेल्या जमिनीस हीच संज्ञा लाविलेली आहे. झाडे किती, याची तेथे विचारपूस नाही. जमीन लागवडीखाली नाही, एवढ्यावरच निवाडा.

मग हा शब्द हिरवा कसा झाला? माझ्या मते याचे उत्तर पावसात आहे: सिन्नरच्या पूर्वेस पडीत टाकलेले शेत कुसळांचा माळ होते, बंगालच्या ओल्या मुलखात तेच चार पावसाळ्यांत झाडोऱ्याने गच्च भरून जाते, आणि कंपनीच्या अंमलदारांनी पाहिली ती बहुधा ही दुसरी पडीत. मुंबईत जन्मलेल्या किपलिंगचे ‘जंगल बुक’ १८९४ साली निघाले, तोवर इंग्रजी वाचकाच्या मनात दाट अरण्यच रुजले होते. आपल्या मराठीतही आज जंगल म्हटले की मोकळा माळ कोणाच्या डोळ्यांपुढे येत नाही.

उलट दिशेचा प्रवासही येथेच आढळतो, आणि मला तो अधिक हृद्य वाटतो. वावीच्या अलीकडे एका ओट्यावर विड्या वळीत बसलेल्या बाईंना घरधन्यांविषयी विचारले, तेव्हा तेंदूच्या, म्हणजे त्या तिंदुकाच्याच नावाच्या, पानावरची नजर न उचलता त्या म्हणाल्या, “रानात गेलेत.” ‘अरण्य’ झिजून ‘रान’ झाले, आणि शेतकऱ्याच्या तोंडी त्या रानाचे शेत झाले. बाईंच्या रानात त्या वेळी कांदा उभा होता.